आमचा प्रोटीन

कोल्हापुरातल्या कुठल्याही तालमीच्या फुटबॉल संघात अकरा जण मैदानात असतात, पाच-सात बाकावर असतात आणि एक जण डाएटवर असतो. तो कधी मैदानातल्या अकरांत सापडतो, कधी बाकावर. डाएटवर मात्र बारा महिने. आमच्या पेठेत त्याला 'प्रोटीन' म्हणतात. आधारकार्डावर त्याचं वेगळं नाव आहे, पण ते पोस्टमनखेरीज कुणाच्या कामाला येत नाही.

खेळतो हाफला. वय पंचविशीच्या अलीकडे-पलीकडे. पोट भरतं ते उद्यमनगरात लेथवर. फुटबॉलवर फक्त भूक लागते. कारखान्याचा मालक पेठेतलाच, त्यामुळे मॅचच्या दिवशी सुट्टी मागावी लागत नाही, उलट कामावर दिसला तर 'तू हितं काय करतोयस?' म्हणून हाकलतात. २०२२ साली कतारच्या विश्वचषकावेळी पेठेपेठेत मेस्सी, नेमार आणि रोनाल्डोचे दुमजली कटआउट उभे राहिले, तेव्हा ते बांधायला हा बांबूवर चढला होता. उतरला तो मोबाइलमध्ये डोकं घालूनच. हे लोक खातात काय, हे त्याला शोधायचं होतं. ते त्याला सापडलं, आणि तेव्हापासून पेठेची शांतता गेली.

सकाळी सहाला गांधी मैदानावर सराव. पूर्वी इथं वरुणतीर्थ नावाचं तळं होतं, ते बुजवून मैदान झालं; पावसाळ्यात ते मूळपदावर येतं. पण हिवाळ्यात दीड तास पळून पोरं बाहेर पडली, की पाय आपोआप मिसळीच्या गाडीकडे वळतात. कोल्हापूरच्या मिसळीला पाव नसतो, ब्रेडच्या स्लाइस असतात, आणि तिचा जीव कटात असतो. प्रोटीनला नाव पडलं ते या गाडीपाशीच. संघाच्या कोचनं त्याला तिथं रंगेहाथ पकडलं होतं.

"काय रे, डाएट हाय न्हवं तुझं?"

"त्येच चाललंय की सर. मोड आलेली मटकी म्हणजे प्रोटीन."

"आणि बटाटा?"

"कार्ब. पळायला लागतंय."

"फरसाण?"

"फरसाण म्हणजे बेसन. बेसन म्हणजे हरभरा. हरभरा म्हणजे परत प्रोटीन."

"आणि हा वर तरंगतोय त्यो कट?"

"घामातनं मीठ जातंय सर. त्ये कुठनं तर भरून काढाय पायजे."

कोच निरुत्तर झाले. दोन मिनिटांनी त्यांनीही एक मिसळ सांगितली. प्रोटीनची अडचण हीच आहे, की त्याचं प्रत्येक वाक्य सुटं सुटं खरं असतं. मटकीत प्रथिनं असतात, घामातून मीठ जातं, पळणाऱ्याला पिष्टमय अन्न लागतं. कुठलाही आहारतज्ज्ञ या तिन्ही विधानांखाली सही करेल. सही केल्यावर वर मिसळ कधी आली, हे त्याला कळणार नाही.

आहाराचा सल्ला देणारी माणसं जगात दोन प्रकारची. काही आधी शास्त्र वाचतात आणि मग ताट वाढून घेतात. प्रोटीन ताट आधी वाढून घेतो. त्याला जे खायचंच असतं, त्याच्यासाठी तो जगभरातून साक्षीदार बोलावतो, आणि ते बिचारे येतातही. एर्लिंग हालांडनं एका माहितीपटात आपण काळीज आणि यकृत खातो असं सांगितलं. ही बातमी कळली त्या रविवारी प्रोटीनच्या घरातलं संभाषण मी स्वतः ऐकलंय, कारण पांढऱ्या रश्श्याच्या वाटीसाठी मीही तिथं बसलो होतो.

"आई, हालांड काय खातोय म्हाईत हाय?"

"कोण रं त्यो? दिलबहारचा?"

"नॉर्वेचा हाय. कलेजी खातोय."

"मग खाऊ दे की. त्येची आई करत असंल. तुला वाढू का अजून?"

त्या दिवसापासून कलेजी, रक्ती, मुंडी आणि पाय हे सगळे पदार्थ आमच्या पेठेत आंतरराष्ट्रीय दर्जाचे झाले. रॉबर्ट लेवांडोवस्की जेवण उलट्या क्रमानं करतो, गोड आधी आणि बाकीचं नंतर. बायको आहारतज्ज्ञ आहे, तिनंच ते शिकवलं. हे वाचल्यापासून प्रोटीन कुठल्याही वास्तुशांतीच्या पंगतीत जिलबीपासून सुरुवात करतो. नंतर मसालेभात. शेवटी 'क्रम चुकला का काय' असं पुटपुटून पुन्हा जिलबी. आता लेवांडोवस्की शेवटी पुन्हा गोडावर येतो की नाही, हे पोलंडला जाऊन कोण बघणार?

रोनाल्डोचा तर त्यानं कहर केला. २०२१ च्या युरो स्पर्धेत पत्रकार परिषदेत रोनाल्डोनं समोरच्या कोकाकोलाच्या दोन बाटल्या बाजूला सारल्या आणि पाण्याची बाटली उंचावली. प्रोटीननं हा प्रकार पानपट्टीवर केला. कुणीतरी पोरांसाठी कोल्ड्रिंक मागवलं होतं. यानं बाटली दोन बोटांनी सरकवली, सगळ्यांकडे एकदा पाहिलं आणि म्हणाला, "लस्सी." मोठा ग्लास, वर मलईचा थर.

आता यात सगळा दोष त्याचा आहे असं म्हणणं बरोबर होणार नाही. जिथं तो खेळायला शिकला ती मुळात तालीम आहे. संघाच्या नावातच तालीम आहे. पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ: ज्या आखाड्यांत आजोबांनी जोर-बैठका मारल्या, त्यांच्याच नावानं नातू कॉर्नर किक मारतात. शाहू महाराजांनी १९१२ मध्ये खासबागचं कुस्त्यांचं मैदान बांधलं, मल्लांच्या खुराकाची सोय लावली, आणि त्या खुराकाच्या कथा आजही तालमीच्या कट्ट्यावर जिवंत आहेत. फुटबॉल आला, पण खुराक गेला नाही. तालमीत एक म्हातारे वस्ताद रोज संध्याकाळी येऊन बसतात. त्यांना ऑफसाइड अजून कळलेला नाही, पण खेळाडू अशक्त आहे हे त्यांना स्टेडियमच्या शेवटच्या पायरीवरून दिसतं.

"काय खातोस?" त्यांनी प्रोटीनला एकदा विचारलं.

"ओट्स."

"म्हंजे?"

"परदेशी धान्य हाय वस्ताद. घोड्याला घालत्यात."

"आणि म्हशीचं दूध?"

"फॅट असतंय त्यात."

वस्ताद बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी त्याला हाताला धरून गंगावेशीला दूध कट्ट्यावर नेलं. कोल्हापूर सोडून गेलेल्यांना हा कट्टा स्वप्नात दिसतो. गवळी म्हशी घेऊन रस्त्यावर उभे असतात, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढतात आणि फेसाळता ग्लास तसाच, कोमट, हातात देतात. वस्तादांनी एक ग्लास पाजला, मग दुसरा. तिसऱ्याला प्रोटीनच म्हणाला, "पळणाऱ्याला कॅल्शियम लागतंयच म्हणा." दुसऱ्या दिवशी सरावात त्याला पळवेना. वस्ताद म्हणाले, सवय नाही अजून, महिनाभर घे. पहिलवानाचा खुराक पचवायला पहिलवानाची मेहनत लागते, पहाटेपासून शेकड्यांनी जोर आणि हजारांनी बैठका लागतात, हे वस्तादांना कुणी सांगायला हवं होतं. पण वस्तादांना सांगणार कोण? आम्ही सगळे त्यांच्याच पैशानं दूध पीत होतो.

मात्र प्रोटीनची खरी परीक्षा मॅचच्या दिवशी. मॅचच्या तीन-चार तास आधी जेवावं, भात, चपाती, बटाटा असं हलकं खावं, तेल-तूप कमी असावं, कारण स्निग्ध पदार्थ पोटात रेंगाळतात, हे त्याला तोंडपाठ आहे, आणि तो ते पाळतोही. शाहू स्टेडियमवर चारची मॅच असली की हा बरोबर बाराला जेवतो: वरणभात, एक चपाती, केळं. त्या ताटाचा फोटो काढतो. त्या क्षणी तो कुठल्याही युरोपीय क्लबात शोभला असता.

पुढचे तीन तास त्याला पेठेतून चालत जायचं असतं.

मॅच म्हणजे लीगची असो वा नॉकआउटची, समोर शिवाजी पेठ असली की मंगळवार पेठ आणि मंगळवार पेठ असली की शिवाजी पेठ सकाळपासून तापलेली असते. अशा दिवशी खेळाडू उपाशी मैदानावर गेला, ही गोष्ट कुणाच्या दारावरून घडली हे पेठेत वर्षभर लक्षात राहतं. म्हणून कुणीच ती आपल्या दारावरून घडू देत नाही. शेजारच्या वहिनी दही-साखर हातावर ठेवतात. शकुनाचं दही, त्याला नाही म्हणता येत नाही. पुढच्या दारात मावशी, परत दही-साखर. मग माजी गोलकीपरच्या आई, मग मंडळाच्या अध्यक्षांच्या मिसेस. कोपऱ्यापर्यंत शकुनाचं दही दीड वाटी भरतं. मधेच कुणी शिऱ्याची बशी पुढं करतं, 'साजूक तुपातला हाय, काय व्हत न्हाई.' एखादे काका नुसतेच हाक मारतात, "इकडं ये, उकडलेली अंडी हायत, तुझ्या डाएटमधली." डाएटचा असा मान राखल्यावर माणूस काय बोलणार? नको म्हटलं तर 'माज आला' म्हणतात, आणि पेठेत माजाचा शिक्का एकदा बसला की हॅट्‌ट्रिक मारूनही पुसत नाही.

तर स्टेडियमवर पोचेपर्यंत बाराचं ते आदर्श ताट खूप खाली गेलेलं असतं. मार्च-एप्रिलचं ऊन, मैदान तापलेलं, गॅलरीत हलगी आणि घुमकं. व्यावसायिक मिडफिल्डर नव्वद मिनिटांत दहा-अकरा किलोमीटर सहज पळतो. आमचा प्रोटीनही पहिली पंधरा मिनिटं त्याच हिशेबानं सुरुवात करतो. विसाव्या मिनिटाला तो कमरेवर हात ठेवतो. पंचविसाव्याला पोटरी धरून बसतो. मग गॅलरीतून आवाज येतो, "आरं, कुणी जेवाय घातलं रं ह्याला?" ओरडणाऱ्यांत अंडीवाले काका सगळ्यात पुढं असतात.

मध्यंतराला मोसंबीच्या फोडी, लिंबू-मीठ-साखरेचं पाणी आणि ग्लुकोज. मला विचाराल तर आमच्या तालमीत शास्त्राला धरून असलेला आहार एवढाच, आणि तो मिळतोही दहाच मिनिटं. त्याच्यावर प्रोटीन दुसऱ्या हाफात खरोखर बरा खेळतो. मग पास देतो, पासवर गोल होतो, गॅलरीतून नावानिशी रोख बक्षीस पुकारलं जातं, आणि रात्री त्या बक्षिसाचं मटण होतं.

जिंकल्यावर काय खायचं हा प्रश्न पेठेत कुणालाच पडलेला नाही. पातेलं चुलीवर चढलेलं असतं. काही वेळा मॅच संपायच्या आधीच, पण हे आपण मनात ठेवूया. सुकं, भाकरी, तांबडा, पांढरा. खेळ संपल्यावर तासाभरात प्रथिनं आणि पिष्टमय पदार्थ पोटात गेले की थकलेले स्नायू लवकर सावरतात, असं प्रोटीन पंगतीत सांगत असतो. तेही सुटं सुटं खरंच आहे. हरल्यावर मात्र जेवण नसतं, चौकशी असते. कट्ट्यावर आरोपपत्र वाचलं जातं: सकाळी मिसळ खाल्ली म्हणून पाय जड झाले, असं एक बाजू म्हणते. दुसरी म्हणते, मिसळ खाल्ली नाही म्हणूनच. पासिंग चुकलं, मार्किंग सुटलं, याकडे कुणी वळत नाही. त्यासाठी खेळ कळावा लागतो. खाणं सगळ्यांनाच कळतं.

एका मोसमात आमच्या संघानं नायजेरियाचा एक स्ट्रायकर आणला होता. त्या वेळी सगळ्यात जास्त हुरूप प्रोटीनला. आता खरा व्यावसायिक बघायला मिळणार! रोज त्याच्या खोलीवर जाऊन हा निरीक्षण करायचा. पाहुणा साधा माणूस होता. भात आणि उकडलेलं चिकन, दोन वेळा. प्रोटीननं तसंच सुरू केलं. आठवडाभर टिकला. पण 'पोरगं परमुलखातनं आलंय, नुसतं उकडून खातंय' ही बातमी पेठेत फुटली आणि त्याच्या खोलीवर डबे सुरू झाले. दुसऱ्या महिन्यात तो दारात आलेल्या माणसाला विचारायला लागला, "पांढरा?" प्रोटीनला याचं फार वाईट वाटलं. तो म्हणाला, आपण त्याचं करिअर खराब केलं. त्या मोसमात आमच्याकडून सगळ्यात जास्त गोल त्यानंच केले होते, ही गोष्ट वेगळी.

इतिहासही प्रोटीनच्या बाजूनं अधूनमधून उभा राहतो. १९९६ मध्ये आर्सेन वेंगर आर्सेनलला आला आणि त्यानं खेळाडूंचं चॉकलेट बंद केलं, तेव्हा बसमध्ये खेळाडूंनी 'आमची मार्स चॉकलेटं द्या' म्हणून घोषणा दिल्या होत्या. हा किस्सा सांगताना प्रोटीनचे डोळे चमकतात. वेंगरनं पुढं लीग जिंकली, हे तो सांगतो. घोषणा देणारे खेळाडूही त्याच संघात होते, हे जरा जास्त जोरात सांगतो. आमच्या कोचनी एकदा वेंगर व्हायचं ठरवलं. बाहेरगावच्या स्पर्धेला जाताना टेम्पोत वडा बंद, फक्त केळी. कागलच्या अलीकडेच टेम्पोत 'कट वडा, कट वडा' असा गजर सुरू झाला. घोषणा प्रोटीन देत होता, मागचे ओढत होते. केळी परत आली. टेम्पोच्या मालकानं ती म्हशीला घातली.

मोसम संपतो आणि पावसाळा लागतो. मैदानावर चिखल, सराव बंद. आषाढात त्र्यंबोलीची यात्रा येते, पेठेपेठेतून नव्या पाण्याचे कलश वाजत-गाजत टेंबलाईच्या टेकडीवर जातात आणि घरोघर मटणाची जेवणं झडतात. प्रत्येक घरचं आमंत्रण, आणि खेळाडूला तर दुप्पट. या काळाला प्रोटीन 'ऑफ-सीझन' म्हणतो. वजन वाढवायचं असतं म्हणे, मग नोव्हेंबरपर्यंत उतरवायचं. वाढवायचा भाग तो काटेकोरपणे पाळतो. मग श्रावण. महिनाभर मटण बंद. हा महिना तो 'व्हेगन' असतो. साबुदाण्याची खिचडी, दही, श्रीखंड, पेढे. त्याला कुणीतरी सांगितलं, व्हेगन माणसाला दूधही चालत नाही. तो म्हणाला, "त्ये तिकडं. हितलं दूध समोर काढलेलं असतंय."

यावर उपाय म्हणून मंडळानं गेल्या मोसमाआधी एका आहारतज्ज्ञ बाईंचं व्याख्यान ठेवलं. तसं कारणही होतं. कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ मध्ये १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला, तेव्हापासून आपल्याही पोरांकडे नीट लक्ष द्यायला हवं असं मंडळाच्या बैठकीत दरवर्षी ठरायचं. बाई हुशार होत्या, पण समोरच्या पेठेच्या सून निघाल्या. त्यामुळे 'आमच्या पोरांचं मटण बंद करून त्यांना पाडायचा डाव हाय' अशी कुजबुज पहिल्या रांगेतच सुरू झाली. बाईंनी शांतपणे सगळ्यांना वह्या दिल्या आणि आठवडाभर काय खाल्लं ते लिहून आणायला सांगितलं.

बाकीच्यांनी चार ओळी खरडल्या. प्रोटीननं वही भरली. सकाळ: मोड आलेली कडधान्यं, उकडलेला बटाटा, हरभऱ्याच्या पिठाचा पदार्थ थोडा, ब्रेड चार. दुपार: ज्वारीची भाकरी, हाडांचं सूप (पांढरं). संध्याकाळ: ताजं दूध. रात्र: ज्वारीची भाकरी, हाडांचं सूप (तांबडं), लोहयुक्त मांस. बाईंनी ती वही दोनदा वाचली.

"वा! इतका समतोल आहार मी अजून कुणाचा पाहिला नाही," त्या म्हणाल्या. "ही सकाळची कडधान्यं घरी करता?"

"न्हाई मॅडम. तालमीच्या मागं मिळत्यात."

"गाडीवर?"

"व्हय."

"कट वेगळा देतात, की आतच?"

सगळी तालीम हसली. शेवटी त्या कोल्हापूरच्याच. त्यांनी तेल, वेळ, प्रमाण सगळं नीट समजावलं, आणि पोरगं एकदम तुटून पडायला नको म्हणून कागदावर लिहून दिलं: मिसळ आठवड्यातून दोनदा, सरावानंतर, कट बेताचा. खाली सही, तारीख.

तो कागद प्रोटीननं लॅमिनेट करून घेतला. आता तो बुधवारी आणि रविवारी गाडीवर जातो तेव्हा तो कागद काउंटरवर ठेवतो, आणि औषध घ्यावं तसा गंभीर चेहऱ्यानं खातो. बरोबरच्या पोरांना सांगतो, "आपल्याला लिहून दिलंय, तुम्ही जपून खावा." परवा सोमवारी सकाळी मी तिथं चहाला थांबलो होतो, तर हा समोर बसलेला, पुढ्यात मिसळ. गाडीवाल्यानंही त्याला हटकलं.

"आज सोमवार न्हवं का? आज कागदात कुठं हाय?"

"कागदातली बुधवारी," प्रोटीन म्हणाला. "आजची आपल्या मनानं. जरा कट टाक की वरनं."